चौदा मीटर आणि माया

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं,
"ह्यातला कुठला दगडातून बोलतो?"

बाहेर पोर्तोची चढण, जानेवारीचा ओला वारा.
मी काचेतल्या काळ्या खेकड्याकडे बोट केलं:
आठ अँटेना, एकशे ऐंशी युरो,
आणि खरं सांगायचं तर त्यात माझे नऊ.

दोना देओलिंदांनी खोकं उलटं केलं.
झग्याचं अस्तर तपासावं तसं तळ तपासलं.
"वरची नक्षी कुणालाही जमते, नेलिउ.
आतली शिलाई दाखव."

तेव्हा मी ते नऊ विसरलो
(सगळे नाही, पाच-सहा)
आणि विचारलं, घरात लाइन कितीची?
शंभरची.
म्हणजे नळालाच धार एवढी,
खाली हंडा कितीही मोठा मांडा.

मग स्वस्तातले तीन काढले फळीवरून.
एक नवाकोरा, पण नावच कधी न ऐकलेलं.
एकाला कंपनीनं वाऱ्यावर सोडलेलं,
दोन वर्षांत सुरक्षेचं एक ठिगळ नाही.
'ठिगळ' म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान हलवली.
आणि एक वापरलेला, कडेनं पिवळा पडलेला,
दोनच अँटेना, ठिगळं वेळच्या वेळी.
बावीस युरो.

लहरी दोन असतात, मी सांगितलं.
एक जाड आवाजाची, हळू जाते पण लांब जाते.
दुसरी चपळ,
पहिल्याच भिंतीशी धापा टाकते.
भिंत केवढी आहे?

त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले,
थोडे लांब केले, पुन्हा विचार करून जरा जवळ आणले.
साठ सेंटिमीटर ग्रॅनाइट.
"अशा दोन. मधे जिना.
खाली नात आणि तिचा अभ्यास.
वर माझं मशीन, मशीनशेजारी लॅपटॉप,
त्यात लक्झेंबर्गची गिऱ्हाइकं
हात वर करून उभी राहतात, मापं देतात,
आणि छातीच्या मापाशी येऊन थिजतात."

तिथे खेकडाही हरला असता.
हे मी बोलून गेलो आणि नऊचे नऊ गेले.

"मग दगडातून बोलायचंच कशाला," त्या म्हणाल्या,
"दोरा ओवू."

दुसऱ्या दिवशी आल्या त्या गळ्यात टेप तशीच,
बेतायच्या तपकिरी कागदावर खडूची बेरीज:
खिडकीपासून दार तीन-दहा,
चौकट, वळण, अकरा पायऱ्या,
भिंत, आणि भिंत.
चौदा मीटर वीस.
"वर एक मीटर माया."
कशाला? मी किंमत मोजत विचारलं.
"नेमकं बेतलेलं कापड
पहिल्या धुण्यालाच रडवतं, पोरा."

शनिवारी पकड घेऊन गेलो.
भिंतीत भोक आधीच होतं.
अदेरितुंनी पाडलेलं, टेलिफोनच्या तारेसाठी;
दोन रविवार आणि तीन गिरमिटं खाल्ली म्हणे त्या दगडानं.
वारा येऊ नये म्हणून त्यात दारूच्या बाटलीचं बूच.
दोना देओलिंदांनी ते कात्रीच्या टोकानं उपसलं,
हुंगलं,
आणि एप्रनच्या खिशात टाकलं.
काही बोलल्या नाहीत. मीही केबलकडेच बघत राहिलो.
पलीकडून बेनेदितानं भोकाला डोळा लावला
आणि ओरडली, "आजी, तुझा बूट दिसतो!"

आठवड्यानं तणतणत दुकानात:
राउटर तापतो.
बघायला गेलो तर त्याला अंगरखा शिवलेला,
निळा, पट्ट्यापट्ट्यांचा, अँटेनांना बाह्या.
दोना, त्याला श्वास घेऊ द्या.
"पाठ उघडी ठेवलीय," त्या म्हणाल्या, "उन्हाळी बेत आहे."
तरी काढला. बाह्या मात्र राहिल्या.

खेकडा अजून काचेतच आहे, मी त्याची धूळ पुसतो.
लक्झेंबर्गची माणसं आता न थिजता श्वास रोखतात, पोट आत घेतात,
आणि त्यांना ते सगळं दिसतं.

तो वरचा एक मीटर
मशीनखाली गुंडाळी करून खिळ्याला अडकवलाय.
अजून कशालाच लागलेला नाही.